खोटी शिक्षा

आमच्या लोधीखेड्यात 'शिक्षा' हा शब्द जपून वापरावा लागतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. पहिलीत असताना मी एकदा घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं, "आज गुरुजींनी आम्हाला खूप शिक्षा दिली," तर आजीनं घाईघाईनं माझे दोन्ही तळहात उघडून पाहिले होते. सीमेवरच्या घरांत असे घोटाळे रोजचेच. आपण ते हसून सोडून देतो. हा शब्द मात्र आमच्या घरात एकदा हसण्यावारी गेला नाही.

आम्ही ख्रिस्ती. गावात त्या वेळी आमची तीनच घरं. आजी नागपूरची. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि तिथल्या स्कॉटिश मिशनचं काम मराठीत रुजलं, त्या वळणाची. बाबांची नोकरी छिंदवाड्याला झालेली, आणि तिकडं स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनची मंडळी, उपासना हिंदीतून. त्यामुळे फळीवर दोन बायबलं शेजारी शेजारी असत. आजीचं मराठी, बाबांचं हिंदी. वर्षातून दोन-तीनदा छोट्या लाईनच्या गाडीनं कधी वर, कधी खाली चर्चला जाणं व्हायचं. (ती छोटी लाईन २०१५ साली बंद पडली, आता मोठी झाली आहे. आमचा जिल्हाही २०२३ पासून छिंदवाडा राहिला नाही, पांढुर्णा झाला.) एरवी रविवारची प्रार्थना आमच्या ओसरीवर.

१९९३ च्या दिवाळीआधी एक उपदेशक आमच्याकडे आले. कुठून आले, कोणाचे, हे सांगून आता काही उपयोग नाही. माणूस गोड होता. मुलांना मांडीवर घ्यायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, आणि प्रार्थना करताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. हे मुद्दाम लिहितो आहे. खोटं शिकवणारा माणूस तोंडावरूनच लबाड दिसतो, अशी आपली एक समजूत असते. तो तसा दिसला असता तर आम्ही चहा पाजून वाटेला लावला असता.

त्याची हिंदी पुस्तकी होती. बाजारची हिंदी आमच्या मोठीआईला येई, प्रवचनाची झेपत नसे. तेव्हा दुभाष्या म्हणून मला उभं केलं. मी सोळा वर्षांचा. दोन्ही भाषा येतात याचा तोरा होता, आणि चार माणसं आपल्या तोंडाकडं बघताहेत याची धुंदीही.

मोठीआईला मधुमेह होता. रोज इन्सुलिनची सुई. घरात फ्रीज नव्हता, म्हणून औषधाची बाटली ओल्या रेतीत ठेवलेल्या मडक्यात असायची. उपदेशकाच्या नजरेला ते मडकं पडलं. त्या संध्याकाळी त्यानं मार्काच्या शुभवर्तमानातली बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई काढली. तिनं पुष्कळ वैद्य केले, होतं नव्हतं ते खर्च केलं, गुण आला नाही; येशूच्या वस्त्राला हात लावला आणि बरी झाली. मग तो थांबला, मोठीआईकडं पाहिलं आणि हिंदीत एवढंच म्हणाला, की ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला सुईची काय गरज?

तो प्रश्न होता. मी त्याचं मराठीत वाक्य केलं. "मोठीआई, तुझा विश्वास पुरा असेल तर सुई सोडून दे."

भाषांतर असं लखलखीत झालं, की मला स्वतःलाच आवडलं.

उपदेशक अकरा दिवस राहिला. जाताना संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशातला दशमांश घेऊन गेला. तोही त्यानं मागितला नव्हता, फक्त न देणाऱ्यांचं काय होतं ते सांगितलं होतं. मोठीआईनं सुई कधी बंद केली हे आम्हाला कळलंच नाही. मडकं जागच्या जागी होतं. बागेत अनवाणी फिरताना पायाला काटा लागला, अंगठ्याशी जखम झाली, ती चिघळली. मग ताप, मग गुंगी. जीप करून सावनेरवरून नागपूरला नेलं. जीव वाचला, डाव्या पायाची दोन बोटं गेली.

निरोप पाठवला तेव्हा उपदेशकाचं उत्तर आलं. एक, मी सुई सोडायला कधीच सांगितलं नव्हतं. दोन, बहिणीच्या विश्वासात कुठंतरी उणीव असेल. पहिलं अक्षरशः खरं होतं. दुसरं ऐकून मोठीआई दवाखान्याच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपली. बोटं गेली तेव्हा ती रडली नव्हती.

गुण आला तर शिकवण खरी, नाही आला तर ऐकणारा खोटा. अशी शिकवण कधी चुकूच शकत नाही, आणि तीच तिची खूण, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. त्या रात्री आजीला उमगलं होतं. तिनं दोन्ही बायबलं खाली काढली आणि बाबांना समोर बसवलं. ती मराठीतून वाचायची, बाबा तोच भाग हिंदीतून. रागाचा एक शब्द नाही. उपदेशकानं जी जी वचनं वापरली होती ती शोधायची आणि प्रत्येकाच्या एक पान मागं, एक पान पुढं जायचं. आमचं गाव पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांचं. भांडं घेताना आजी वरची चकाकी बघत नसे. ते उलटं करी, बुडाला टिचकी मारी आणि कान लावी. डाख दिलेलं असलं की ते बद्द वाजतं. तशीच ती त्या रात्री वाचत होती.

काय काय सापडलं! निरोग्यांना वैद्याची गरज नसते, आजाऱ्यांना असते, असं खुद्द येशूच म्हणतो. पौलाचा सोबती लूक, त्याला पौल कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणतो. हिज्कीया राजा मरणाला टेकला, यशयानं देवाचा निरोप आणला की तू बरा होशील, आणि लगेच गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं. आजी इथं हसली. "बघ, प्रार्थनाही आणि पोटीसही." पौलानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं होतं, त्याच्या विश्वासात उणीव होती असं पौल कुठंही म्हणत नाही. आणि याकोबाच्या पत्रात वडीलमंडळींनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असं आहे खरं, पण औषध टाका हे कुठंच नाही.

शेवटी तिनं मत्तयाचा चौथा अध्याय काढला. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि उडी टाक म्हणतो. दाखला कशाचा देतो, तर शास्त्राचा, ९१ व्या स्तोत्राचा. आजीनं बाबांना ते स्तोत्र हिंदीतून वाचायला लावलं. देवदूत तुझ्या सगळ्या मार्गांत तुला सांभाळतील, असं तिथं आहे. सैतानानं ते 'मार्ग' गाळले होते. शब्द शास्त्राचेच, एक तुकडा काढून घेतलेला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. त्यानं एक तुकडा काढला होता, मी एक जोडला होता.

पुढं माझं जे झालं तेही सांगायला हवं, कारण ते फारसं शोभादायक नाही. नागपूरला कॉलेजात गेलो आणि मी मोठा राखणदार झालो. जो उपदेशक दिसेल त्याला तोलायचं, कोणी वेगळा प्रश्न काढला की 'खोटी शिकवण' म्हणून शिक्का मारायचा. 'डिडाखे' नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेबद्दल वाचलं. १८७३ मध्ये तिचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला सापडलं, १८८३ मध्ये छापलं गेलं. फिरत्या उपदेशकानं एक दिवस राहावं, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला किंवा पैसे मागितले तर तो खोटा संदेष्टा समजावा, असा साधा व्यवहारी नियम त्यात आहे. बाबांना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, "आपला अकरा दिवस होता."

मला थांबवलं पंडिता रमाबाईंनी. १८८३ च्याच सप्टेंबरात त्यांचा इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यांचा तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत छापला. तो ग्रंथालयात हाती लागला. नुकतीच ख्रिस्ती झालेली ही पंचविशीची बाई एकेका सिद्धांतावर प्रश्न विचारते आहे आणि तिच्यावर माया करणाऱ्या सिस्टर व्याकूळ होताहेत, की ही भरकटली. रमाबाई लिहितात त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. हीच बाई पुढं केडगावला मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवत बसली. १९२२ साली ती गेली, बायबल १९२४ ला पुरं छापून आलं. त्या काळी मी वाँटेजला असतो तर रमाबाईंवरही शिक्का मारला असता. आमच्या उपदेशकाला कोणी प्रश्न विचारलेला खपत नसे, आणि मीही हळूहळू तसाच होत चाललो होतो.

शेजारी विचारतात, तुमच्यातही असतं का हे? असतं. ताईत बांधणारा बाबा आणि वचन बांधणारा उपदेशक एकाच फाट्यावर उतरतात. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे आणि त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. पण ओसरीवर म्हटलेल्या प्रार्थनेला जाहिरात कोण म्हणणार?

माझं भाषांतर मी मोठीआईजवळ कबूल केलं ते १९९८ साली. ती संत्री निवडत होती. ऐकून घेतलं, एक डागी संत्रं बाजूला टाकलं आणि म्हणाली, "मले मालूम हाये. तो काय बोलला ते मले समजलं होतं रे थोडं. पन तू सांगतलं म्हनून मी सुई सोडली."

त्यानंतर ती बारा वर्षं जगली, सुया घेत. रोज रात्री आजीचं मराठी बायबल वाचायची, अडलं की बाबांचं हिंदी मागायची. शेवटच्या वर्षी छिंदवाड्याहून पाळक भेटायला आले. भले गृहस्थ. खाटेशी बसून त्यांनी हिंदीत प्रार्थना केली, मग हळू आवाजात तिच्याशी काही बोलले. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"काय म्हंते ते? जसंच्या तसं सांग. तुह्या मनचं नोको घालू."

मी पाळकांना म्हणालो, जरा थांबून थांबून बोला. आणि एकेक वाक्य सांगू लागलो.