नऊ स्क्रू, दहा खुंट्या

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. टेस्टचा अभ्यास चाललेला आणि हॉस्टेलच्या दारात आमचे आबा उभे! हातात मोठी पिशवी, पिशवीत चादरीत गुंडाळलेली कॅबिनेट. गारगोटीहून एस.टी.त मांडीवर घेऊन आले होते.

गावी आबांचं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं छोटंसं दुकान. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. तीन पत्रिका अडकलेल्या. "नवीनच घ्या म्हणतोय दुरुस्तीवाला. तू इंजिनिअर हायस न्हवं? बघ की जरा," आबा म्हणाले.

खरं सांगायचं तर तोवर मी मदरबोर्ड फक्त पेपरात बसवला होता, तोही पाच मार्कांसाठी. पण रूमवरची पोरं ऐकत होती. म्हटलं, "त्यात काय एवढं!"

प्रोसेसर आणि रॅम जुनीच वापरायची होती, म्हणून त्याच सॉकेटचा सेकंडहँड बोर्ड शोधला. आबांनी आतल्या खिशातून नोटा काढून दोनदा मोजून दिल्या. जुना बोर्ड मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ मिलिमीटर. हा पूर्ण एटीएक्स, ३०५ बाय २४४. कॅबिनेट मोठी होती म्हणून बरं. एटीएक्सची मापं इंटेलने १९९५ साली ठरवून दिली, भोकांच्या जागांसकट. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा बोर्ड बसतो. मात्र दोन्ही मापांची सगळी भोकं सारखी नसतात. बोर्डाखालच्या पितळी खुंट्या, म्हणजे स्टँडऑफ, त्याप्रमाणे हलवाव्या लागतात.

मी हलवल्या. प्रोसेसर बसवला, पेस्ट लावली, रॅम 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली. चोवीस पिनांची वायर, प्रोसेसरची वेगळी वायर, सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखा अर्धा गिरका फिरला आणि थांबला. परत दाबलं. परत तेच.

पोरं गप्प. माझ्या पोटात गोळा! आबांचे पैसे गेले, पत्रिकाही गेल्या. रॅम काढून घातली, वायरी तपासल्या. शेवटी बोर्ड बाहेर काढला आणि स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकले.

आबा इतका वेळ कॉटवर बसून होते. उठले, वाटीत बघितलं, कॅबिनेटमध्ये बोट फिरवलं. "स्क्रू नऊ हाईत. खुंट्या धा कशा?"

मी बघतच राहिलो. जुन्या बोर्डाची एक खुंटी काढायची राहिली होती. नव्या बोर्डाला तिथं भोकच नव्हतं. पाठीमागचे सोल्डरचे टाके त्या पितळेला टेकत होते, म्हणजे शॉर्ट! पॉवर सप्लाय धोका ओळखून स्वतःच बंद होत होता. त्यानेच बोर्ड वाचवला.

दहावी खुंटी काढली. बटण दाबताना हात थरथरत होता. पंखा फिरला, फिरतच राहिला. शेजारच्या रूममधून आणलेल्या मॉनिटरवर थोड्या वेळाने 'चि. सौ. कां.' अशी अक्षरं उमटली, तेव्हा कुठं श्वास सोडला.

"आबा, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळतंय त्यातलं? पत्रिका शंभर म्हणजे शंभर मोजून द्यायच्या, एवढी सवय हाय."

संध्याकाळच्या एस.टी.ने आबा परतले, कॅबिनेट पुन्हा मांडीवर. पोरं म्हणाली, "भावा, खरा इंजिनिअर गेला बघ गावाला!" मी काहीच बोललो नाही. आता मात्र कुणाचाही बोर्ड बसवताना आधी मोजतो.