उडी नको, पाठ हवी!

शनिवारी सकाळी साडेसहाला तुम्ही कुठे असता? मी तरी पांघरुणात असते. पण गेल्या फेब्रुवारीत मी मालवणच्या समुद्रात, डुगडुगत्या होडीत, गळ्यात कॅमेरा अडकवून ओकारी दाबत बसले होते. तेही साठवलेली रजा खर्चून, फुकटात! टीम लीड म्हणालाच, ''डॉल्फिन बघायला लोक पैसे मोजतात, आणि तू तिथे काम करणार?''

काम सोपं वाटलं होतं. सर्वेक्षणाला फोटोग्राफर हवा होता, माझ्याकडे बऱ्यापैकी लेन्स होती. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटासा पर. आययूसीएनच्या यादीत २०१७ मध्ये तो 'संकटग्रस्त' ठरला. प्रत्येकाच्या परावरच्या खाचा, ओरखडे वेगळे. जणू आपलं आय-कार्डच! फोटो जुळवून कोण पुन्हा दिसलं ते ओळखायचं आणि त्यावरून एकूण किती असतील याचा अंदाज बांधायचा. त्यामुळे फोटो हवा पराचा. अगदी बाजूने, शार्प, जमल्यास डावा-उजवा दोन्ही.

मला मात्र उडी हवी होती. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी देवबागच्या पुढे कळप आला. एक मादी, अंगाला चिकटून पिल्लू. तिच्या पराचं टोकच गायब, जाळ्याने कापलं असावं. मी फोकस करतेय तोच पलीकडे एकाने झक्कास उडी मारली. कॅमेरा आपोआप तिकडे वळला. मिळाली! पाण्याचे थेंबसुद्धा मोजता येतील अशी. परत वळले तर मादी नाही, पिल्लू नाही.

इंजिन बंद करून चाळीस मिनिटं थांबलो. तांडेलकाका शेवटी हळूच म्हणाले, ''गो बाय, उडी नाय, पाठ होयी होती मां?''

रात्री लॅपटॉपवर ४१२ फोटो पाहिले. कामाचे तेवीस. त्या मादीच्या रकान्यात माझ्याहून लहान संशोधक मुलीने काही न बोलता लिहिलं, 'फोटो नाही.' अप्रेझलमध्येही इतकं लागलं नव्हतं मला.

पुढचे दोन दिवस मी फक्त पाठी टिपल्या. ती मादी काही दिसली नाही. मग मेअखेर समुद्र खवळला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या.

उडीचा फोटो अजून कुणाला दाखवलेला नाही. नोव्हेंबरसाठी रजा टाकलीय. टीम लीडने कारण विचारलं.

''एक फोटो राहिलाय,'' म्हटलं.