रुतलेली किंगपिन

मालमोटारीच्या पुढच्या ॲक्सलचे काम ज्याने आयुष्यात एकदा तरी केले आहे, त्याला बुश कसा बसवावा, शिम कोठे घालावी आणि टायरॉडची लांबी कशी राखावी हे सांगण्याचे काही प्रयोजन नाही. परंतु गंजून ॲक्सलच्या भोकात रुतून बसलेली किंगपिन बाहेर कशी काढावी, या एका प्रश्नावर इंदूरच्या देवास नाक्यापासून पार धुळ्यापर्यंत आग्रा–मुंबई रस्त्याच्या कडेला दुकान मांडून बसलेल्या कोणत्याही दोन मिस्त्र्यांचे एकमत झालेले मी पाहिले नाही. माझे मत एवढेच होते की या कामात आग वापरायची नाही. ते मत मी उभा जन्म एखाद्या सनदेप्रमाणे जपले, आणि यंदाच्या उन्हाळ्यात, घराच्या मागील अंगणात, त्या सनदेत एक कलम नव्याने घालावे लागले.

चाक धरणारा स्टब ॲक्सल किंगपिनेभोवती दांड्याच्या टोकाशी जेथे वळतो, त्या सांध्याची रचनाच अशी आहे की जो भाग फिरतो त्याची तजवीज सर्वांनी केली आणि जो फिरत नाही त्याचा विचार कोणीच केला नाही. स्टब ॲक्सलच्या वरच्या आणि खालच्या बुशला ग्रीसचे निपल असते. क्लीनर कितीही आळशी असला तरी वर्षाकाठी दोनचार वेळा तेथे ग्रीसगन लागतेच. मधल्या दांड्याच्या भोकात मात्र पिन कॉटरने आवळून स्थिर केलेली, तेथे निपल नाही, ग्रीसला वाट नाही. मानपूरच्या उतारावरचे पावसाळी पाणी आणि खलघाटच्या पुलाअलीकडची धूळ एकदा तेथे शिरली की कायमचा मुक्काम करते. गंज हा ज्या लोखंडातून निघतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि जेथे केसाइतकीही जागा शिल्लक नाही तेथे ती तो दाबाने मिळवतो. म्हणून वरून खालून ग्रीसने माखलेली, दिसायला निरोगी अशी पिन मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात दांड्याशी अशी एकजीव झालेली असते की घणाखाली दांडा वाकेल, पण ती जागची हलणार नाही.

प्रस्तुत ॲक्सल टाटाच्या जुन्या १२१० गाडीचा. जमशेदपुरात १९५४ साली डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ज्या मालमोटारी बनू लागल्या, त्यांच्याच वंशातली ही गाडी. तो करार १९६९ मध्ये संपला आणि नाकावरचा तारा गेला, पण पुढच्या ॲक्सलची घडण मूळचीच राहिली. गाडी देवास नाक्यापलीकडे एका परिचिताच्या आवारात ठोकळ्यांवर उभी आहे. माझे ट्रान्सपोर्ट नगरातले दुकान मी बंद केले, तेव्हा ॲक्सल तेवढा लोडिंग रिक्षात घालून रामबागेतल्या घरी आणला आणि कडुनिंबाच्या फांदीला नव्हे, तर त्यासाठी मुद्दाम उभारलेल्या लोखंडी तिकाटण्याला चेनकप्पी लावून उतरवून घेतला. घरी काम करणाऱ्याने निदान एवढी शिस्त तरी पाळावी.

डावी पिन मी माझ्या रीतीने काढली. आधी कॉटर, तो उलट बाजूने ठोकून काढला नाही तर पुढची सारी मेहनत फुकट. मग पिनेच्या दोन्ही तोंडांशी घासलेट आणि गिअर ऑईल यांचे मिश्रण भरून ठेवायचे, आणि दिवसातून काही वेळा हलक्या हातोडीने दांड्याच्या डोक्याभोवती टिचक्या मारीत राहायचे, जेणेकरून त्या कंपनाने तेल आत ओढले जावे. खालच्या तोंडाशी कुंकवाएवढी बारीक तांबडी पूड प्रथम कोरडी पडते. मग एके सकाळी तीच पूड ओलसर होऊन काळपट थेंबाच्या रूपाने पिनेच्या कडेला जमते. हा थेंब दिसला म्हणजे तेल आरपार गेले. तरीही पिन हलली नाही, तेव्हा तिच्या मध्यातून आरपार भोक पाडले; किंगपिनची कातडी कठीण असली तरी गाभा मऊ असतो, आणि गाभा काढला की कातडीला आतल्या बाजूस किंचित मिटायला जागा मिळते. त्यानंतर घण.

घणाचे खरे मर्म मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. रुतलेल्या पिनेवर घण पडला की तो उसळतो, आणि त्याचा आवाज टणक व लांबट असतो. पिन जागची सरकली की उसळी मरते आणि आवाज आखूड होतो. डोळ्यांना काही दिसण्याच्या कितीतरी आधी मनगटाला हे कळते. दुकानातली पोरे विचारीत, ‘‘उस्ताद, आपल्याला कसं कळलं?’’, आणि मी उत्तर न देता दुसरा पंच मागत असे. ते मौन गांभीर्याचे नव्हते, मालकीचे होते. आपल्या मनगटात असे काही आहे की जे दुसऱ्याला देता येत नाही, हा समज मला इतका प्रिय होता की तो खरा आहे की नाही हे तपासण्याची मी कधी संधीच येऊ दिली नाही.

आता आगीविषयी. ट्रान्सपोर्ट नगरात पिन अडली की पहिला हुकूम सुटतो, ‘‘भिया, गॅस मारो!’’, आणि दांड्याचे डोके लाल होईपर्यंत ज्वाला हटत नाही. हा दांडा घडीव पोलादाचा, भट्टीतून काढून पाणी दिलेला आणि पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. ज्या तापमानाला तो अंधाऱ्या जागी लालसर दिसू लागतो, त्याच सुमारास त्याचे पाणी उतरू लागते. मिस्त्री पिन काढतो, मालक पैसे मोजतो, आणि गणेश घाटाच्या उतारावर भरल्या गाडीचा ब्रेक लागतो तेव्हा त्या मऊ झालेल्या डोक्यावर किती भार येतो याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. हायड्रॉलिक प्रेसवाले त्यांच्याहून बरे, पण त्यांची घाई निराळी. दाबयंत्राचा काटा चढत असताना सांध्याचे ऐकण्याचे त्यांना कारणच उरत नाही. आणि बाजारात हल्ली जे बुश मिळतात त्यांच्या ग्रीसच्या भोकाची जागा स्टब ॲक्सलच्या भोकाशी जुळत नाही, ती जुळवून घेण्याइतका वेळ मिस्त्र्याकडे नाही, आणि त्यामुळे नवा बुश पहिल्या दिवसापासून उपाशी फिरतो. ज्या शहराशेजारी पीथमपुरात १९८६ पासून आयशरच्या मालमोटारी बनतात, आणि जेथे २०२१ साली गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग खुला झाला, त्याच शहरात एक बुश सरळ बसवणारा माणूस शोधावा लागावा, याचे मला मनापासून दुःख होते.

या अभिमानाचे मूळ घरातच आहे. माझे आजोबा होळकरांच्या मोटारखान्यात फिटर होते. महाराज यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग, जिची चासी अमेरिकेची आणि बांधणी लंडनच्या गर्नी नटिंगची, तिचाही पुढचा ॲक्सल अखंडच होता. राजाची गाडी असो की गव्हाची, चाक वळते ते किंगपिनेभोवतीच, हे आजोबा सांगत आणि आम्ही मुले ते पाठ करीत असू. त्या मोटारखान्यात आग वर्ज्य होती अशी घरातली कथा. ती खरी की नंतर रचलेली हे मी कधी विचारले नाही. मला ती हवी होती.

मात्र डाव्या पिनेने माझ्या उजव्या हाताचा हिशेब केला. बोटांच्या टोकांना गेल्या काही वर्षांत बधिरता आली आहे. घणाची उसळी खांद्यापर्यंत पोचते, मनगटापाशी तिची नोंद होत नाही. पिन सरकली होती आणि मला कळले नव्हते. कळले ते भाचीला. ती श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत यंत्र अभियांत्रिकी शिकते आणि सुटीच्या दिवशी माझ्याकडे येते. तिने पिनेच्या खालच्या टोकाला डायल गेज लावला होता, आणि दोन घावांच्या मध्ये काट्याकडे पाहून ती शांतपणे म्हणाली, ‘‘मामा, हलली.’’

उजव्या पिनेच्या वेळी तिने मला जो प्रश्न विचारला तो इतक्या वर्षांत एकाही प्रतिस्पर्ध्याला सुचला नव्हता. ‘‘तुम्ही आग नको म्हणता, पण किती अंशांची आग नको, हे कधी म्हणालाच नाहीत.’’ मग कागदावर मांडून दाखवले: ४० मिलिमीटरचे भोक १५० अंशांनी तापले तर ०.०७ मिलिमीटरच्या आसपास मोठे होते. दांड्याला दिलेले पाणी दोनशे अंशांच्या आत उतरत नाही. अट एवढीच की बाहेरून झटपट तापवावे, कारण पिनही मागोमाग तापली की मिळालेली फट पुन्हा बुजते. मला त्यात खोट काढता आली नाही, आणि मी काढण्याचा प्रयत्न पुष्कळ केला. ट्रान्सपोर्ट नगरातल्या ज्वालेविरुद्ध माझा दावा आजही कायम आहे. परंतु दोनशे अंशांची मोजलेली ऊब आणि ती बेहिशेबी ज्वाला यांना एकाच आरोपपत्रात गोवण्यात न्यायापेक्षा माझा बाणा अधिक होता.

तेल, ग्रीस पुसून काढून तिने दांड्याचे डोके तापवले, तापमापकावर नजर ठेवली आणि वेळ सांगितली. मी मात्र एक गोष्ट केली जी या जन्मात केली नव्हती: उसळी आणि आवाज यांच्याविषयी जे काही मला ठाऊक होते ते प्रत्येक घावानंतर मोठ्याने बोलून दाखवले. ‘‘हा टणक. हाही टणक. हा बघ, शेपूट आखूड झालं.’’ काटा त्याच घावाला हलला होता. मनगटाने सोडलेली खूण कानाने धरून ठेवली होती, आणि जे देता येत नाही असे मी मानत आलो ते चार वाक्यांत देता आले, याचा आनंद झाला असे लिहिणे मला शोभले असते. प्रत्यक्षात मला प्रथम वाईट वाटले.

त्यानंतरचा घाव तिने मारावा हे उघड होते. तिचा खांदा तरुण, तिची नजर काट्यावर, आणि पिन आता कोणाच्याही हातून निघाली असती. मी घण दिला नाही. शेवटचा घाव मी मारला, पिन मातीत पडली, आणि शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांपैकी कोणी पाहिले की नाही हे मी मान वळवून पाहिले. बुश रीम करण्याचे काम येत्या सुटीत तिचे आहे, तसा शब्द मी दिला आहे आणि तो पाळीन. परंतु ही गाडी पुन्हा रस्त्यावर आली आणि पुढचा ॲक्सल कोणाच्या हातचा असे देवास नाक्यावर कोणी विचारले, तर उत्तरात पहिले नाव माझे यावे, ही इच्छा मला सोडता आलेली नाही.