बांध रुंद होते तेव्हा

इंदापूर तालुक्याच्या आमच्या जिरायती पट्ट्यात पूर्वी दोन शेतांमधला बांध हा वेगळाच मुलूख होता. बैलगाडी आरामात जाईल एवढा रुंद. त्यावर तरवड, बोरीची झुडपं, मारवेल आणि कुसळी गवत. पावसाळ्यात त्या गवतातून सकाळ-संध्याकाळ ‘व्हिट्-व्हिट्, व्हिट्-व्हिट्’ अशी जोडशीळ यायची. तो काळ्या छातीचा लावा. दिसायचा क्वचित, ऐकू मात्र सतत यायचा. हिवाळ्यात बोरीखाली दुसऱ्या जातीच्या लाव्यांचे थवे बसलेले असत. पाय जवळजवळ त्यांच्या अंगावर पडेपर्यंत हलायचे नाहीत, आणि मग एकदम फुर्रकन चहूकडे उधळायचे. काळजात धस्स व्हायचं. जरा वेळानं एकमेकांना हाका घालत ते पुन्हा गोळा व्हायचे.

खुरपताना अंडी दिसली की बायका तेवढी जागा सोडून पुढे सरकत. माळावर धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर यायची, चरून पुढे जायची. फासेपारध्यांची पालं पडत. त्यांच्यातला एखादा म्हातारा लाव्याची हुबेहूब शीळ घाली आणि गवतातून उत्तर येई. वन्यजीव संरक्षण कायद्यानं लाव्यांची ही शिकार बंद केली, ते योग्यच झालं. पण कोणत्या महिन्यात कोणता लावा कुठं असतो हे त्या माणसांना तोंडपाठ होतं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आज तोच बांध वीतभर राहिला आहे. जेसीबीनं दोन्ही बाजूंनी खाल्ला. बाजरी, मटकी, हुलगा जाऊन शेततळ्याच्या पाण्यावर ऊस आणि मका आला. तणनाशकामुळे मातीवर हिरवा ठिपका उरत नाही. माळाला तर सरकारदरबारी कायम ‘पडीक’च म्हटलं गेलं. कितीतरी माळांवर चर खणून ग्लिरिसिडिया लावली गेली, त्याला वनीकरण म्हटलं गेलं, आणि गवतात राहणाऱ्या जिवांचं घर सावलीखाली गेलं. गावात विचारलं तर मात्र सगळे सांगतात, लावे शिकाऱ्यांनी संपवले.

लावे का घटतात, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या जॉर्जियात पडला होता. थॉमसव्हिलच्या आसपासच्या श्रीमंत जमीनदारांना बॉबव्हाइट नावाच्या तिथल्या लाव्याची शिकार करण्याची हौस. पक्षी घटू लागले तसे त्यांनीच पैसे उभे केले आणि १९२४मध्ये हर्बर्ट स्टॉडर्ड या माणसाच्या हाती संशोधन सोपवलं. स्टॉडर्डचं बालपण फ्लोरिडाच्या पाइनच्या रानात गेलेलं. तिथले गुराखी दर हिवाळ्यात रानाला हलकी आग लावत आणि नव्या गवतावर गुरं चारत, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्या काळचे वनाधिकारी मात्र आगीला शत्रू मानत. स्टॉडर्डनं घरटी शोधली, पक्ष्यांच्या पोटातलं अन्न तपासलं आणि दाखवून दिलं की आग थांबली की झुडपं माजतात, जमीन पालापाचोळ्यानं झाकते आणि पिल्लांना पळायला, दाणा टिपायला मोकळी माती उरत नाही. १९३१मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. लहानपणी पाहिलेल्या गोष्टीला त्यानं मोजमापाचा आधार दिला. मला त्याचं मोठेपण इथं वाटतं.

पुढे १९५८मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीजवळ ‘टॉल टिंबर्स’ हे संशोधन केंद्र उभं राहिलं. आता तिथं पक्ष्याच्या गळ्यात पाच-सहा ग्रॅमचं रेडिओयंत्र अडकवून प्रत्येक घरट्याचं काय झालं ते पाहतात. बॉबव्हाइटच्या दहा पक्ष्यांतले सात-आठ वर्षभरात मरतातच, शिकार असो वा नसो. म्हणजे सगळा भार पुढच्या विणीवर. आणि पिल्लांना पहिले काही आठवडे दाणे चालत नाहीत, किडेच लागतात. तण मेलं की किडे गेले, किडे गेले की पिल्लं गेली. इंग्लंडात डिक पॉट्स यांनी ससेक्सच्या शेतांवर तित्तिरांच्या बाबतीत हेच वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. इतकं कळूनही अमेरिकेत १९६६नंतर बॉबव्हाइट चार-पंचमांशांहून जास्त घटला. जिथं जमीन त्याच्या गरजेप्रमाणे राखली, त्या थॉमसव्हिल-टॅलाहासी पट्ट्यात तो आजही थव्यांनी आहे.

पाळलेले पक्षी रानात सोडून भरपाई होत नाही, हेही तिथं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सोडलेले बहुतेक थोड्याच दिवसांत शिकारी प्राण्यांच्या तोंडी जातात. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे बटेर म्हटलं की लोकांना हॉटेलातली थाळी आणि अंड्यांचा खोका आठवतो. तो जपानी बटेर. १९७४मध्ये इज्जतनगरच्या संशोधकांनी तो भारतात आणला. कोंबडीसारखाच पाळीव. आमच्या बांधावरच्या लाव्याचा तो भाऊबंद असला, तरी जात वेगळी.

देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून २०२३मध्ये ९४२ जातींचा अहवाल निघाला, आणि गवताळ, मोकळ्या रानातले पक्षी वेगानं घटताहेत असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण त्यावरचा उपाय आपल्याच मातीत शोधायला हवा. जॉर्जियाची आग उचलून माळाला लावणं हा वेडेपणा ठरेल. काळ्या छातीचा लावा पावसाळ्यात घरटं करतो, तर बोरीखाली थव्यानं बसणारा झुडपांतला लावा पाऊस सरल्यावर, हिवाळ्यापर्यंत. आपलं गवत नेमकं तेव्हाच कापलं जातं.

माझ्या चुलतभावानं ओढ्यालगतची एक पट्टी दोन वर्षं नांगरली नाही, तिच्यावर औषधही मारलं नाही. तो मला विचारतो, ‘‘अण्णा, किती रुंद ठेवू? आणि गवत कधी कापू?’’ अगदी शास्त्रज्ञानं विचारावा असा प्रश्न आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे जमीन आहे, विद्यार्थी आहेत. तीन, पाच आणि दहा फुटांचे बांध राखावेत, काहींवरचं गवत दिवाळीला कापावं, काहींवरचं संक्रांतीनंतर, आणि पहाटे शिळा मोजाव्यात. चार पावसाळ्यांत भावाला उत्तर देता येईल.