कोमट पाणी

धमतरीच्या आमच्या मेनोनाइट मंडळीत प्रभुभोजनाला जोडून पाय धुण्याचा विधी असतो. पुरुषांनी पुरुषांचे धुवायचे, बायकांनी बायकांचे. शेजारच्याचे पाय आपण धुवायचे, गमछ्याने पुसायचे, मग जागा बदलून त्याने आपले. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पुष्कळ पंथ ती वाचतात आणि पुढे जातात. मेनोनाइटांनी मात्र १६३२ साली हॉलंडातल्या डोर्ड्रेख्ट गावी आपल्या श्रद्धेची कलमं लिहून काढली, तेव्हा पाय धुण्याचं एक वेगळं कलमच केलं. तिथून हा रिवाज अमेरिकेत गेला आणि अमेरिकेतून छत्तीसगडात आला.

माझी आई नगरची. धमतरीच्या ख्रिश्चन हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि तिथल्याच एका क्लार्कशी लग्न करून राहिली. तिच्या माहेरी पिढ्यानपिढ्या अमेरिकन मराठी मिशनचं वळण: मूल महिन्या-दोन महिन्यांचं झालं की पाळक त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडणार, मग पेढे. इथे उपासना हिंदीत, बाहेर गप्पा छत्तीसगढीत, आणि आमच्या घरात रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं. त्याचं गावाला फारसं नवल नव्हतं. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होऊन गेलेला, धमतरीत मराठापारा नावाचा भागच आहे. नवल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मेनोनाइट लोक तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणसाने मोठं व्हावं, कळून-सवरून स्वतः मागावा, तोच खरा. म्हणजे आईने पुन्हा घ्यायला हवा होता. तिने शेवटपर्यंत घेतला नाही. ‘मला एकदा मिळालाय,’ एवढंच म्हणायची, आणि पाय धुण्याच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहायची. तसराळ्यांसाठी पाणी तापवण्याचं काम मात्र तिच्याकडेच.

मोठेपणीच्या बाप्तिस्म्याचा हा हट्ट मेनोनाइटांना महागात पडलेला आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. त्या काळी जन्म, बाप्तिस्मा आणि राज्याची प्रजा होणं ही एकच गोष्ट होती, त्यामुळे हा सरळ राजद्रोह ठरला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्सला हात बांधून लिमात नदीत बुडवलं. पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. नगरपालिकांना विनोदबुद्धी नसते हे काही खरं नाही. पुढे १५३६ मध्ये फ्रीसलँडचा मेनो सिमन्स नावाचा पाद्री आपलं पद सोडून या लोकांत आला आणि त्याचं नाव पंथाला चिकटलं. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि धर्म ज्याचा त्याने निवडायचा, एवढ्यासाठी ही माणसं देशोदेशी पळत राहिली.

आणि अशा लोकांची धमतरीतली मंडळी कोणापासून सुरू झाली? ज्यांना कसलीच निवड करता आली नाही, अशा पोरांपासून.

१८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसे जमवले आणि इंडियानातल्या एल्कहार्टचा जॉर्ज लँबर्ट त्यांच्या वाटपासाठी हिंदुस्थानात आला. त्याने परत जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. १८९९ मध्ये जेकब रेस्लर आणि डॉक्टर विल्यम पेज व त्यांची पत्नी अ‍ॅलिस असे तिघे धमतरीला येऊन राहिले. धर्मप्रचाराचे बेत मनात असतील, पण त्यांचं सामान सुटतंय तोच दुसरा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा, म्हणून लोक त्याला छप्पनिया म्हणतात. सरकारी मदतकामावर देखरेख करता करता यांच्या दारात शेकडो पोरकी मुलं येऊन बसली. सुंदरगंजला आश्रम उभा राहिला. मुलं-मुली वाढली, त्यांची लग्नं एकमेकांत झाली, त्यांना घरं हवी झाली, जमीन हवी झाली. मिशनने बालोदगहन हे गाव मालगुजारीने, म्हणजे जमीनदारी हक्काने, विकत घेतलं. १९१० मध्ये दवाखाना झाला, १९१२ मध्ये मंडळ्यांची परिषद. आमची मंडळी या क्रमाने उभी राहिली: आधी भात, मग घर, मग देऊळ.

माझे आजोबा त्या मुलांतले. स्वतःचं गाव त्यांना आठवत नव्हतं, जन्मतारीख आश्रमाने अंदाजाने लिहिलेली, नावही आश्रमाचंच, बायबलमधलं. ख्रिस्ती का झालात, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘उहाँ भात मिलत रिहिस.’ तिथे भात मिळायचा. बस. १९५६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा मिशनऱ्यांवरचा अहवाल आला. प्रलोभनाने धर्मांतर हा त्याचा गाभा. आमच्या घरी त्यावर बरीच आदळआपट झाली. वडील चिडले, पाळकांनी खास प्रार्थना ठेवली. आजोबांना त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. अन्नासाठी आलो हे खरंच होतं, ते कोणापासून लपवायचं? आश्रमातली कितीतरी मुलं मोठी झाल्यावर निघून गेली, त्यांना कोणी अडवलं नाही. आजोबा गेले नाहीत. हेही खरं. अहवालाच्या रकान्यांत असली माणसं बसवायला अडचणच होणार.

मिशनबद्दल मला भाबडेपणा नाही. साहेबच मालगुजार, साहेबच हेडमास्तर, साहेबच डॉक्टर आणि साहेबच पाळक, अशा गावात कुळाने साहेबाला ‘नाही’ कसं म्हणावं? शांततेचं व्रत घेतलेल्या लोकांचीही मालगुजारी ही मालगुजारीच. जातही पुरती गेली नव्हती. अनाथाश्रमात एका पंगतीत वाढलेल्यांच्या नातवंडांची लग्नं ठरताना म्हाताऱ्यांना कुणाचं कूळ कोणतं ते बरोबर आठवायचं. पण पाय धुण्याची वेळ आली की बाकावर शेजारी कोण आहे तेवढंच पाहायचं. साहेबाच्या शेजारी चौकीदार असेल तर साहेबाने गुडघे टेकायचे. बाहेर आल्यावर साहेब पुन्हा साहेबच, पण चौकीदाराने त्याचं डोकं वरून पाहिलेलं असायचं. आणि आमच्याकडे तर उलट बाजूचंही भान होतं: गावात पाहुण्याचे, जावयाचे, गुरूचे पाय धुतात, धुणारा नेहमी ठरलेला असतो. इथे अदलाबदल होती.

बाप्तिस्मा मी कॉलेजात असताना मागून घेतला. आई त्यावर काही बोलली नाही. त्यानंतरच्या पहिल्या विधीला माझ्या शेजारी शांतिपूरचे एक म्हातारे होते. शांतिपूर म्हणजे कुष्ठरोग्यांची वसाहत. त्यांचा आजार केव्हाच बरा झालेला, पण डाव्या पायाला बोटं नव्हती आणि टाचेला खोल भेग. मी तसराळं पुढे ओढलं, निळ्या कडेचं, पोपडे उडालेलं, हॉस्पिटलातलं. त्यांनी पाय उचलला आणि मध्येच थांबले. ‘पानी तात हे का, बाबू?’ पाणी गरम आहे का, हे त्यांच्या पायाला कळणारच नव्हतं. नसा मेलेल्या पायाला चटका बसतो आणि फोड आल्यावर मगच समजतं, हे नर्सच्या मुलाला सांगावं लागत नाही. मी कोपर बुडवून पाहिलं. आई वॉर्डात असंच पाहायची. कोमट होतं. ‘नइ हे, बबा,’ म्हटल्यावर त्यांनी पाय आत सोडला. भेगेतली माती निघायला वेळ लागला. मागे रांग खोळंबली, कोणीतरी खाकरलं. मग त्यांनी माझे पाय धुतले, आखडलेल्या बोटांमुळे तळव्याच्या कडेने, फार निगुतीने.

मी नोकरीला पुण्यात आलो त्याला खूप वर्षं झाली. इथे जवळपास मेनोनाइट मंडळी नाही, म्हणून मराठी चर्चला जातो. तिथे पाय धुण्याचा विधी नाही. एकदा सुचवून पाहिलं तर मंडळींनी फरशी ओली होण्याचा मुद्दा काढला, तो बरोबरही आहे.

मुलीचं लग्न नगरकडच्याच ख्रिस्ती घरात झालं. मागच्या वर्षी तिला मुलगी झाली आणि व्याह्यांनी बाप्तिस्म्याची तारीख काढली. मी म्हटलं, थांबा, मोठी होऊन तिची ती ठरवेल. विहीणबाई म्हणाल्या, ‘अहो, लसही तिला विचारूनच टोचायची का?’ यावर डोर्ड्रेख्टच्या कलमांत उत्तर नाही. आई असती तर त्यांच्याच बाजूने उभी राहिली असती. ठरल्या दिवशी मी गेलो, पहिल्या बाकावर बसलो, पेढेही खाल्ले. अठरा वर्षांची झाल्यावर तिला पुन्हा घ्यावासा वाटला तर घेईल. मुठेला आता माणूस बुडवण्याइतकं पाणीही नसतं.