तेरड्याची टिपणं

श्रावण सरत आला की नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे जाताना गडग्यांच्या कडेने तेरडा दिसू लागतो. गुलाबी, जांभळट, मधूनच पांढरा. अंगणात लावतात तो दुहेरी पाकळ्यांचा, दिसायला भरघोस. गवरीला मात्र रानातलाच हवा, तोही मुळासकट.

*

आधी गणपती येतो, मग त्याची आई. कोकणात कितीतरी घरांत तेरड्याच्या रोपांची जुडी हीच गवर. पाणवठ्यावर मुळांची माती धुवायची, जुडी बांधायची, कुंकवाच्या पावलांवरून घरात आणायची. मग तिला साडी, दागिने, कुठे मुखवटा. आली त्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी नव्या सुनेचा सुपांचा ओवसा. काही घरांत तिखटाचा नैवेद्यही असतो. चिखलात उगवलेलं पाणीदार देठाचं झाड असं एका दिवसात घरची लेक होतं, आणि घरातल्या बायका तिच्याशी बोलतातही तशाच.

*

'तेरड्याचा रंग तीन दिवस.' चंचल माणसाला मारलेला हा टोमणा मला कधीच पटला नाही. अनुराधेवर आलेली गवर ज्येष्ठेला पूजा घेते आणि मूळ नक्षत्रावर जाते. तिचेही तीनच दिवस. माहेरवाशीण तीन दिवस राहून सासरी गेली, तर तिला चंचल म्हणतं का कुणी?

*

कोरियात मुली याच फुलाच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून रात्रभर नखांवर बांधतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखांवर रंग राहिला, तर पहिलं प्रेम सफळ होतं म्हणे. होंग नान-पा यांनी १९२० मध्ये रचलेल्या चालीवरचं तेरड्याचं गाणं जपानी राजवटीत तिथल्या लोकांच्या दुःखाचं गाणं झालं. हिंदीत तेरड्याला गुलमेंदी म्हणतात. मेंदीतलं रंग देणारं द्रव्य, लॉसोन, तेरड्यातही असतं.

*

पिकत आलेलं बोंड चिमटीत धरून पाहावं. फुगीर, हिरवट, बारीक लव असलेलं. जरा दाबलं की फटकन फुटतं, पाच फाका आतल्या आत वळतात आणि तपकिरी बिया हातभर लांब उडतात. लिनियसच्या १७५३च्या ग्रंथात तेरड्याच्या वंशाचं नाव 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर.

*

महामार्ग चौपदरी झाला, कडेचे बांध गेले. आता तेरड्यासाठी आत, व्हाळाकडे जावं लागतं. गवर उपटताना दोन-चार रोपं तिथेच राहू द्यावीत. तेरडा एका पावसाळ्याचा. बी पडलं नाही, तर पुढच्या भादव्यात गवर आणायची कुठून?