आपलं बिल आपणच करावं

हल्ली काही मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकानं आपलं बिल आपणच करायचं असतं. वस्तू यंत्रापुढे धरायची, 'टुंग' झालं की पिशवीत टाकायची. पण काजू कांदे म्हणून तोलणारे महाभाग जगभर निघाले! तेव्हा डोक्यावर कॅमेरा आला आणि पिशवीखाली वजनकाटा. म्हणजे आधी विश्वास ठेवायचा, मग त्याच्यावर पहारा बसवायचा.

आम्हां कौंडण्यपूरकरांना पहाऱ्याचं कौतुक सांगू नये. आमचं गाव रुक्मिणीचं माहेर. तिनं कृष्णाला स्वतः पत्र धाडलं, पळवून न्यायची जागासुद्धा तिनंच कळवली. अंबिकेच्या देवळाभोवती सैनिक होते, राजेरजवाडे डोळे फाडून पाहत होते. रथ निघायचा तो निघालाच!

अमेरिकेत ॲमेझॉननं २०१८ साली सिॲटलला बिनगल्ल्याचं दुकान थाटलं. छतभर कॅमेरे. २०२४ साली तिथल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती सोय काढून घेत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं.

आमच्या किराणावाल्याकडे कॅमेरा एकच : चष्म्यावरून पाहणारे दोन डोळे. पोरानं गुळाचा खडा तोंडात टाकला, की तो म्हणे, "काय बाप्पा, हा खडा वहीत लिवू का सोडून देऊ?" पोर लाजे, बाप हसे, खडा सुटे. कॅमेऱ्यापुढे लाजायची सोय नाही. तिथं एकदम चोरच ठरायचं. चेहरा काय, यंत्रही ओळखतं. माणूस ओळखायचा तर त्याला उधारी द्यावी लागते.